‘कावया’ बरोबर आहे, उपचार ‘तावया’वर करा

तुमची केस थोडक्यात अशी : साडेपाच वर्षांचा मुलगा, घरचे अकोल्याकडचे, कामासाठी चिंचवडला आलेले. ‘बोलणं अशुद्ध आहे’ म्हणून शाळेने तुमच्याकडे स्पीच थेरपीला पाठवला. उच्चारांच्या चाचणीत ळ, ण आणि क तिन्ही चुकले, वाक्यांत ‘मला’ऐवजी ‘मले’. तुम्ही ळ पासून थेरपी सुरू करायचं ठरवलंत, तेव्हा सीनियर म्हणाल्या की यात तुमचा नकळत पूर्वग्रह आहे. ते तुम्हाला लागलं, कारण तुमच्या मनात त्या कुटुंबाबद्दल काहीच वाईट नाही.

नसणारच. पण पूर्वग्रह असायला मनात वाईट असावं लागत नाही. तो इथे तुमच्या स्कोअरशीटवरच्या ‘योग्य उत्तर’ या रकान्यात आहे. तिथे शाळेच्या पुस्तकातली मराठी छापलेली आहे आणि आपण ती सगळ्या मुलांची मराठी धरून चालतो.

कावळ्याच्या चित्राला मुलगा ‘तावया’ म्हणाला, असं तुम्ही लिहिलंय. शीटच्या हिशोबाने एका शब्दात दोन चुका. पण वऱ्हाडीत ळ चा य होतोच : काळा-काया, डोळा-डोया, कावळा-कावया. तो य मुलाने घरात ऐकला आणि जसाच्या तसा उचलला. पहिला त मात्र त्याच्या घरात कुणीच म्हणत नसणार. क च्या जागी त येणं लहानपणी सर्रास असतं, पण बहुतेक मुलांचं ते चार वर्षांच्या आसपास आपोआप जातं. याचं राहिलंय, म्हणजे मदत तिथे हवी. ण चा न (पानी, कोन, लोनी) हा बोलीचाच भाग, आणि ‘मले’, ‘तुले’ हे वऱ्हाडीचं व्याकरण. त्यावर गुण कापले तर मुलाला जी भाषा नीट येते, तिचेच गुण कापले जातात.

हे माझ्या सांगण्यावर सोडू नका, तपासा. वडिलांना तीच चित्रं दाखवा. आधी सांगा, ‘तुमची परीक्षा नाही, घरी याला काय म्हणतात ते ऐकायचंय.’ नाहीतर ते तुमच्यासमोर जपून, पुस्तकी बोलतील. त्याहून बरं म्हणजे गावाकडच्या आजीकडून आणि त्याच वयाच्या एखाद्या चुलत भावंडाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज मागवा. जे सगळ्यांच्या तोंडी आहे ते बोलीतलं, जे फक्त या मुलाच्या तोंडी आहे ते तुमचं काम. ‘घरी याचं बोलणं सगळ्यांना कळतं का? गावाला गेल्यावर आजोबा काय म्हणतात?’ हेही विचारा. आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली नसेल तर आधी ती.

अमेरिकेत यावर कोर्टापर्यंत लढाई झाली. आफ्रिकन-अमेरिकन मुलांची घरची इंग्रजी ही चूक समजून मुलांना विशेष वर्गात टाकलं जायचं. 1979 साली अ‍ॅन आर्बरच्या खटल्यात न्यायालयाने शाळांना घरची बोली लक्षात घेऊन वाचन शिकवायला सांगितलं. 1983 मध्ये तिथल्या स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने जाहीर केलं की इंग्रजीची कोणतीही बोली हा वाणीदोष नाही. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत आपणही तेवढ्याच ठामपणे हे म्हणायला हवं.

पण दुसऱ्या टोकाला जाऊ नका, यावर माझा फार जोर आहे. ‘गावाकडचे आहेत, असंच बोलतात’ म्हणून त्या ‘त’कडेही कानाडोळा होतो आणि मूल दुसरीत गेल्यावर पुन्हा आपल्याकडे येतं. ‘घरात दोन भाषा आहेत म्हणून उशिरा बोलतोय’ हे वाक्यही तसंच. दोन भाषांमुळे वाणीदोष होत नाही. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजा आणि तरीही कमी भरले तर पुढचा तपास करा, ‘वाट बघू’ म्हणून घरी पाठवू नका.

थेरपीत लक्ष्य ‘कावया’ ठेवा. काया, कोन, कोंबडी हेही घ्या. क आला की शाबासकी, ळ साठी थांबायचं नाही. शाळेतली मराठी त्याला पुढे यायलाच हवी. ती वाचनातून, वर्गातून येईल. तो उपचाराचा भाग नाही.

आता फाइलकडे या. ‘पालक सहकार्य करत नाहीत’, ‘घरी बोलण्याचं वातावरण नाही’ असं आपण फार सहज लिहितो आणि पुढचा थेरपिस्ट ते वाचूनच मुलाकडे बघतो. जे दिसलं तेवढंच लिहा : ‘वडिलांच्या शिफ्टमुळे दोन सेशन चुकले.’ बीडकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच परततात. त्यांना दर आठवड्याला बोलावून ‘येत नाहीत’ म्हणणं हा आपल्या नियोजनाचा दोष आहे. निघण्याआधी काय करून घ्यायचं, तिकडे कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) काय करता येईल, फोनवर कधी बोलायचं, हे आधीच ठरवता येतं.

घरच्या अभ्यासाचंही तेच. ‘आईने रोज खेळणी घेऊन जमिनीवर बसायचं’ ही सूचना ज्या घरांसाठी लिहिली गेली, तिथे मूल आणि आई दोघंच असतात. तुमच्या या मुलाशी दिवसभर कोण बोलतं ते विचारा. मोठी बहीण असेल तर तिला शिकवा. आई भाजी निवडताना बोलत असेल तर तीच वेळ धरा. मूल मोठ्यांच्या नजरेला नजर देत नाही म्हणून लगेच ऑटिझमच्या यादीत खूण करू नका. बरोबरीच्या पोरांत ते कसं बघतं, कसं हसतं ते पाहून मग ठरवा.

मोठ्या माणसांतही हा प्रश्न येतो. बोस्टन नेमिंग टेस्ट या चित्र बघून नाव सांगायच्या चाचणीत बीव्हर (तिकडचा एक प्राणी) आणि प्रेटझेल (तिकडचा एक खाऊ) यांची चित्रं आहेत. पक्षाघातानंतर आलेल्या वाशिमच्या शेतकऱ्याला ती ओळखता आली नाहीत, तर त्यावरून वाचाघाताबद्दल, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा अडण्याबद्दल, काहीच कळत नाही. विळा, खुरपं, तिफण दाखवा. तिथे शब्द अडला तर तो खरोखर अडला.

शाळेला पत्र मात्र या आठवड्यातच द्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा : ळ आणि ण चे उच्चार व ‘मले’ हे वऱ्हाडीतले आहेत, दोष नाहीत, क वर आम्ही काम करतोय, आणि वर्गात त्याला मध्येच थांबवून शब्द दुरुस्त करू नयेत, बाईंनी स्वतः तो शब्द आपल्या वाक्यात सहज म्हणावा. पत्राची एक प्रत वडिलांना द्या आणि त्यांच्यासमोर वाचून दाखवा. मुलाच्या बोलण्याला शाळा अशुद्ध म्हणाली तेव्हा ते शब्द त्यांनीही ऐकले आहेत, आणि ते स्वतःही तसंच बोलतात.