‘काप्ता’ : जिंकली की घेतली?

विचारणा अशी आहे: रोमन सम्राटांच्या सोन्याच्या नाण्यांवर ‘आर्मेनिया काप्ता’, ‘पार्थिया काप्ता’ (पार्थिया म्हणजे प्राचीन इराणातलं साम्राज्य) असा मजकूर असतो. या ‘काप्ता’ला मराठीत ‘जिंकलेली’ म्हणावं की ‘बंदिवान’?

मी ‘घेतली’ म्हणेन. आपण ‘गड घेतला’, ‘ठाणं घेतलं’ म्हणतो ना, तेच हे घेणं. लॅटिनमधल्या ‘कापेरे’ या धातूचा मूळ अर्थ धरणं, घेणं. इंग्रजीतले ‘कॅप्चर’, ‘कॅप्टिव्ह’ त्याच कुळातले, म्हणून ‘बंदिवान’ सुचलं असणार. जिंकण्यासाठी लॅटिनमध्ये ‘विंकेरे’ हा वेगळा धातू आहे आणि सम्राट व्हेस्पाशियनच्या काही नाण्यांवर त्याच धातूवरून ‘युदाइया देविक्ता’ (युदाइया म्हणजे ज्यूंचा प्रदेश) असंही येतं. तिथे खुशाल ‘जिंकली’ म्हणा. पण दोन्हीकडे तोच शब्द वापरला तर मुळातला फरक पुसला जातो. ‘काबीज’ही चालेल. त्या अरबी शब्दातही मुठीत धरण्याचाच अर्थ आहे.

व्याकरणात तर आपलं फारच जवळचं नातं निघतं. ‘काप्ता’तला ‘त’ म्हणजे संस्कृतातल्या ‘जित’, ‘धृत’मधला क्त प्रत्ययच, दोघांचं मूळ एक. ‘त्याने लंका घेतली’ यात क्रियापद लंकेच्या लिंगाप्रमाणे चालतं, घेणाऱ्याच्या नाही. तसंच ‘काप्ता’ हे स्त्रीलिंगी प्रांतनामाप्रमाणे चालतं. घेणारा कोण, हे सांगावंच लागत नाही. नाणं उलटलं की दुसऱ्या बाजूला सम्राटाचा चेहरा असतो.

याची खरी गंमत ऑगस्टसच्या सुसरीच्या नाण्यांत आहे. इजिप्त इ.स.पू. 30 मध्ये पडलं, इ.स.पू. 28 च्या चांदीच्या नाण्यावर सुसर आणि मजकूर ‘एगुप्तो काप्ता’. एक शब्द ओकारान्त, दुसरा आकारान्त, मग मेळ कसा? इजिप्तचं लॅटिन नाव दिसायला पुल्लिंगी, पण आहे स्त्रीलिंगी. आणि इथे दोन्ही शब्द पंचमीत आहेत. आपल्या संस्कृतातल्या सति सप्तमीसारखी, ‘अमुक झाल्यावर’ सांगणारी ही रचना. म्हणून भाषांतर ‘इजिप्त घेतलं’ असं नको, ‘इजिप्त घेतल्यावर’ असं हवं. सोन्याच्या नाण्यावर पहिला शब्द ‘एगुप्त’ असा तोडला आहे, त्यामुळे तिथे ही खूण दिसत नाही.

शब्द बरोबर असला म्हणून दावा खरा असतोच असं नाही. ‘आर्मेनिया काप्ता’च्या सोन्याच्या नाण्यावर विजयदेवता बैलाचा गळा चिरते आहे. पण स्वतःच्या कारकिर्दीच्या वृत्तान्तात ऑगस्टसच म्हणतो, की आर्मेनियाचा प्रांत करता आला असता, तरी ते राज्य आपण तिथल्या राजघराण्यातल्या तिग्रानेसला देणं पसंत केलं. ट्रेजनने ‘पार्थिया काप्ता’ छापलं आणि 117 मध्ये त्याच्यानंतरच्या सम्राट हेड्रियनने पूर्वेकडचा जिंकलेला मुलूख सोडून दिला.

व्हेस्पाशियनच्या सोन्याच्या एका नाण्यावर मात्र ‘काप्ता’ नाहीच. जेमतेम दोन सेंटिमीटरच्या त्या चकतीवर, जिंकलेली शस्त्रं टांगलेल्या खांबाशी, एक बाई शोक करत जमिनीवर बसली आहे. खाली एकच शब्द, ‘युदाइया’. त्याचं भाषांतर करताना ‘घेतली’ पदरचं घालू नये, कंसातसुद्धा नाही.