पॉल कफी आणि त्यांचे कुटुंब : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मागील अंकात आपण पॉल कफी या जुन्या काळातील अमेरिकी दर्यावर्दीचा ओझरता उल्लेख केला होता. एकेकाळी गुलाम असलेल्या माणसाच्या मुलाने एकट्याच्या जिद्दीवर जहाजे कशी बांधली? आणि ‘कफी’ हे आडनाव कोठून आले? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : आडनावापासून सुरुवात करतो, कारण या घराण्याचा अर्धा इतिहास त्यातच आहे. पॉल यांचे वडील पश्चिम आफ्रिकेतील अकान समाजातले होते आणि त्या समाजात शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला ‘कोफी’ म्हणतात. लहानपणीच त्यांना गुलाम म्हणून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मॅसॅच्युसेट्समध्ये आणण्यात आले. तेथे ते स्लोकम नावाच्या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबाकडे राबले आणि मालकाचेच आडनाव त्यांना चिकटले. १७४०च्या दशकात ते मुक्त झाले आणि वाम्पानोआग या मूलनिवासी समाजातील रूथ मोझेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या दहा अपत्यांपैकी पॉल हे सातवे. त्यांचा जन्म १७ जानेवारी १७५९ रोजी कटीहंक या लहानशा बेटावर झाला. १७६६ मध्ये वडिलांनी मुख्य भूमीवर, आजच्या वेस्टपोर्ट परिसरात, ११६ एकर जमीन विकत घेतली आणि त्यानंतर सहा वर्षांनी ते वारले. पुढे पॉल आणि त्यांच्या भावंडांनी मालकाचे ‘स्लोकम’ हे नाव टाकून वडिलांचे नाव आडनाव म्हणून घेतले. त्याचेच ‘कफी’ असे रूप रूढ झाले. त्यांनी बांधलेल्या कोणत्याही जहाजापेक्षा हे पाऊल मला मोठे वाटते.

आता आपल्या प्रश्नातील ‘एकट्याच्या’ या शब्दाविषयी. पॉल यांची जिद्द असामान्य होती, यात शंका नाही. कोवळ्या वयात ते व्हेलच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजावर खलाशी झाले, १७७६ मध्ये, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, ब्रिटिशांनी त्यांचे जहाज पकडल्यामुळे त्यांनी न्यू यॉर्कमध्ये सुमारे तीन महिने कैद सोसली आणि सुटल्यावर युद्धकाळातील नाकेबंदी चुकवून त्यांनी लहान होडीतून नॅनटकेट बेटाकडे माल नेण्यास सुरुवात केली. एका खेपेत लुटारूंनी होडी आणि माल दोन्ही हिसकावून घेतले, तेव्हा त्यांनी दुसरी होडी बांधली. परंतु होडीपासून जहाजापर्यंतचा प्रवास त्यांनी आपल्या माणसांना सोबत घेऊन केला. थोरली बहीण मेरी हिचे पती मायकेल वेनर, जे स्वतः मूलनिवासी होते, हे पॉल यांचे भागीदार झाले. वेनर यांचे मुलगे, म्हणजे पॉल यांचे भाचे, त्याच जहाजांवर खलाशी म्हणून शिकले आणि त्यांच्यातून पुढे कप्तानही निघाले. १७८३ मध्ये पॉल यांचा विवाह अॅलिस पेक्विट यांच्याशी झाला. त्याही वाम्पानोआग होत्या. पॉल महिनोन्महिने समुद्रावर असत, त्या काळात सात मुलांचे घर अॅलिस यांनी सांभाळले.

प्रश्न : जहाजांसाठी भांडवल कसे उभे राहिले? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : एका जहाजाच्या कमाईतून पुढचे, थोडे मोठे जहाज, अशी ही रीत होती. ‘सनफिश’ हे २५ टनांचे होते आणि ‘मेरी’ सुमारे ४० टनांचे. ‘मेरी’ घेऊन ते दहा जणांच्या ताफ्यासह आजच्या कॅनडाच्या किनाऱ्याजवळील बेल आइलच्या सामुद्रधुनीत व्हेलच्या शिकारीला गेले, तेव्हा तेथे आधीच आलेल्या, अधिक सुसज्ज जहाजांनी त्यांना सोबत घेण्याचे नाकारले. तरीही त्यांच्या ताफ्याने सहा व्हेल मारले आणि त्यांपैकी दोन पॉल यांनी स्वतःच्या भाल्याने टिपले. ते तेल आणि व्हेलचे हाड त्यांनी फिलाडेल्फियात नेऊन दिले आणि त्याच्या मोबदल्यात लोखंडी सामान आणले. वेस्टपोर्ट नदीकाठच्या त्यांच्या गोदीत बांधलेल्या ६९ टनांच्या ‘रेंजर’मध्ये ते लोखंड वापरले गेले. लाकूड जोडणारे खिळे आणि बोल्ट यांवाचून जहाज उभे राहत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या देवघेवीचे मोल कळते. पुढे १६२ टनांचे ‘हिरो’, २६८ टनांचे ‘अल्फा’ आणि १०९ टनांचे ‘ट्रॅव्हलर’ यांत त्यांचा वाटा होता.

याच ‘रेंजर’मधून ते मका विकत घेण्यासाठी मेरीलँडमधील व्हिएन्ना या गावी गेले. मेरीलँडमध्ये तेव्हा गुलामगिरी चालू होती आणि कप्तानापासून खलाशांपर्यंत सगळे काळे असलेले जहाज पाहून गावकरी धास्तावले. परंतु कागदपत्रे चोख होती आणि वागणूक संयमी होती; अखेर ३,००० बुशेल (धान्य मोजण्याचे एक माप) मका भरून ते परतले आणि त्या खेपेत त्यांना सुमारे १,००० डॉलर नफा झाला.

हा पैसा केवळ घरात साठला नाही, हेही सांगितले पाहिजे. कर भरावा लागतो पण मताचा हक्क नाही, अशी तक्रार करणारा अर्ज पॉल, त्यांचे भाऊ जॉन आणि इतर काही जणांनी १७८० मध्येच मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे केला होता आणि कर थकवल्याबद्दल दोघा भावांना काही काळ तुरुंगातही जावे लागले होते. पुढे गावात शाळेविषयी एकमत होईना, तेव्हा १७९७च्या सुमारास पॉल यांनी स्वतःच्या जमिनीवर स्वखर्चाने शाळा बांधली आणि ती गोऱ्या-काळ्या अशा सर्वच मुलांना खुली केली. १८११ मध्ये ते ‘ट्रॅव्हलर’ घेऊन पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या ब्रिटिश वसाहतीत गेले. परतल्यावर ब्रिटिशांशी व्यापार करण्यास बंदी घालणाऱ्या अमेरिकी कायद्याखाली जहाज जप्त झाले, तेव्हा १८१२ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांची भेट घेऊन त्यांनी ते सोडवून आणले. डिसेंबर १८१५ मध्ये आफ्रिकेत वसू इच्छिणाऱ्या ३८ जणांना घेऊन ते पुन्हा निघाले. त्यांतील वीस मुले होती आणि खर्चाचा मोठा भार पॉल यांनीच उचलला.

प्रश्न : त्यांच्यामागे कुटुंबाचे काय झाले? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : पॉल यांचे निधन ७ सप्टेंबर १८१७ रोजी झाले. घराण्याचा समुद्राशी असलेला संबंध त्यानंतरही तुटला नाही. त्यांचे जावई पार्डन कुक हे व्हेलच्या शिकारीला जाणाऱ्या जहाजांचे कप्तान झाले. वेस्टपोर्टच्या क्वेकर सभागृहामागील दफनभूमीत पॉल आणि अॅलिस यांच्या कबरी आहेत. त्याच आवारात १९१३ मध्ये त्यांच्या पणतूने त्यांचे स्मारक उभारले.