पावसाळा सरतो न सरतो तोच सागाची पानं तपकिरी का दिसतात?
दिवाळीच्या आधीच सागाचं रान करपल्यासारखं दिसत असेल, तर ते बहुतेक वेळा अळीचं काम, पाण्याच्या ओढीचं नव्हे. एक पान उन्हाकडे धरून बघा: शिरा शाबूत, मधला हिरवा गर गायब, पानाची नुसती चाळण. अळी शिरांमधलं हिरवं तेवढं खाते आणि उरलेली जाळी वाळून तपकिरी होते. झाड सहसा मरत नाही, वाढ मात्र खुंटते.

माघ-फाल्गुनातली गोष्ट वेगळी. तेव्हा पाणी वाचवायला साग स्वतःच पानं सोडतो. हरितद्रव्य मोडतं, देठाशी बुचासारखा थर धरतो, मेलेल्या पानात टॅनिन या तुरट द्रव्याचा तपकिरी रंग उरतो. मग ती भलीमोठी पानं पायाखाली भाजलेल्या पापडासारखी वाजतात! दोन्हीत गल्लत करून उगाच फवारणी करू नका.