विकिरण केलेला कांदा गायगर काउंटरने तपासायचा असेल तर आधी ग्रॅनाइटचा ओटा सोडा

तुमचा प्रश्न: लासलगावला कांद्याला कोंब येऊ नये म्हणून गॅमा किरणं देतात (यालाच विकिरण म्हणतात), तो कांदा खाल्ला तर रेडिएशन पोटात जातं का, आणि गायगर काउंटर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) घेऊन घरी तपासता येईल का, कोणता घ्यावा?

नाही जात. ही किरणं कोबाल्ट-६० मधून येतात, त्यांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही (अणुकेंद्राच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक). एखादी वस्तू गॅमा किरणांनी किरणोत्सारी व्हायची तर तिच्या अणूच्या केंद्रातून न्यूट्रॉन उखडला जावा लागतो. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या केंद्रातून न्यूट्रॉन उखडायला १० च्या वर लागते. बेरिलियमचं केंद्र त्यातल्या त्यात कच्चं, त्यालाही १.६७ लागते. त्यामुळे कांदा किरणोत्सारी होणं शक्यच नाही. कोबाल्ट स्वतः स्टीलच्या दुहेरी नळ्यांत सीलबंद असतो, तो कांद्याला शिवतही नाही.

काउंटरवरून आमच्या दाजींशी माझा जुना वाद आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. त्यांनी जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीत काउंटरचे मिनिटाला २२ ठोके मोजले, स्वयंपाकघरात ओट्यावरच्या कांद्याजवळ ३१, आणि सगळ्या पाहुण्यांना सांगितलं की कांद्यात किरणं आहेत. ओटा ग्रॅनाइटचा होता. ग्रॅनाइटमध्ये पोटॅशियम, युरेनियम, थोरियम असतं. आपल्याकडची जमीन बेसाल्टची, काळ्या दगडाची, त्यात हे फार कमी. त्यामुळे बाहेरून आलेली ग्रॅनाइटची लादी इथे लगेच उठून दिसते. कांदा उचलून टोपलीत टाकला तरी आकडा तिशीच्या आसपासच राहिला. शिवाय तो कांदा डिसेंबरात मार्केट यार्डातून आणलेला, खरिपाचा ताजा लाल. तो टिकाऊ नसतो, लगेच विकला जातो. त्याला विकिरण करायला कोण लासलगावला नेईल?

एका मिनिटाच्या मोजणीला तसाही अर्थ नाही. २५ ठोके आले तर त्यात ५ इकडेतिकडे होणारच, आकड्याचं वर्गमूळ. अर्धा तास मोजा: ७५० ठोक्यांत चूक २७, म्हणजे ४ टक्क्यांहून कमी. लाकडी स्टूलवर काउंटरची नळी एकाच उंचीवर ठेवा. अर्धा तास रिकामी, अर्धा तास कांद्यासोबत, मग पुन्हा अर्धा तास रिकामी. पहिल्या सरीच्या वेळी मोजू नका, पाऊस हवेतल्या रेडॉन वायूची अपत्यं (त्याच्या क्षयातून तयार झालेले किरणोत्सारी कण) खाली आणतो आणि आकडा चढतो. कांद्यात पोटॅशियम-४० या नैसर्गिक किरणोत्सारी पोटॅशियममुळे किलोला साधारण ४५ बेकरेल (सेकंदाला ४५ अणूंचा क्षय) असतातच, विकिरण केलेला असो वा नसो. छोट्या नळीला तेवढेही दिसत नाहीत, कारण तिच्यातून गेलेल्या शंभर गॅमांपैकी एखादाच मोजला जातो.

कांद्याला किती मात्रा मिळाली हे काउंटर सांगूच शकत नाही. ती मोजायची जागा विकिरण केंद्रातच. फेरस सल्फेटच्या द्रावणाच्या कुप्या मालासोबत ठेवतात, फेरसचं फेरिक होतं, आणि ३०४ नॅनोमीटरवर प्रकाशाचं शोषण मोजून ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) काढतात. कांद्याला ६० ते ९० ग्रे लागतात. खोक्याच्या मधल्या कांद्यालाही ६० मिळावेत म्हणून कडेच्यांना जास्त मिळतात, ते टाळता येत नाही. कोबाल्टची ताकद महिन्याला सुमारे १ टक्का उतरते, म्हणून माल आत ठेवण्याचा वेळ वाढवत न्यावा लागतो.

एक मात्र सांगायला हवं. विकिरणाने फक्त कोंब थांबतो. सड थांबत नाही, वजनातली घटही नाही. काढणीनंतर विकिरणाला उशीर झाला आणि आतला कोंब हलायला लागला, तर तो मरून मध्यभागी तपकिरी होतो आणि गिऱ्हाईक कांदा परत करतं. "किरणं दिली की वर्षभर चिंता नाही" म्हणणारेही त्यामुळे तितकेच चूक. मान नीट वाळलेली नसेल, चाळीत खालून हवा खेळत नसेल, तर ९० ग्रे देऊनही कांदा सडेल.

पावसाळ्याच्या शेवटी रब्बीच्या कांद्याबद्दल शंका आली तर विळीवर उभा चिरून बघा. हिरवा कोंब वर येत असेल तर त्याला विकिरण झालेलं नाही किंवा मात्रा कमी पडली. यासाठी काउंटर घेऊ नका. दाजींचा कपाटात पडून आहे.