दोन देशांची एक जोडी

प्रश्न : जागतिक बॅडमिंटन स्पर्धेच्या जुन्या विजेत्यांची यादी चाळताना १९८३च्या मिश्र दुहेरीपुढे स्वीडन आणि इंग्लंड अशी दोन देशांची नावे दिसली. ही छपाईची चूक आहे का? आणि त्यातले थॉमस किलस्ट्रॉम हे खेळाडू कोण?
— एक वाचक, मिरज

उत्तर : ही चूक नाही. त्या काळी जागतिक स्पर्धेत वेगवेगळ्या देशांच्या खेळाडूंना जोडी करून उतरता येत असे, आणि मे १९८३मध्ये कोपनहेगन येथे स्वीडनचे किलस्ट्रॉम व इंग्लंडच्या नोरा पेरी यांनी अशाच जोडीने सुवर्णपदक मिळवले.

किलस्ट्रॉम यांचा जन्म १९४८चा, म्हणजे जगज्जेतेपद मिळाले तेव्हा ते पस्तिशीला आले होते. पण त्यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर १९७६च्या ऑल इंग्लंड या बॅडमिंटनमधल्या जुन्या, मानाच्या स्पर्धेपासून सुरुवात करायला हवी. इंडोनेशियाच्या त्जुन त्जुन आणि योहान वाह्युदी या जोडीने १९७४ ते १९८० या सात वर्षांत तेथील पुरुष दुहेरीचे विजेतेपद सहा वेळा जिंकले. मधले जे एकच वर्ष त्यांच्या हातून निसटले ते १९७६, आणि त्या वर्षीचे विजेते होते बेंग्ट फ्रोमन व किलस्ट्रॉम. मला हे यश त्यांच्या जागतिक सुवर्णाइतकेच मोलाचे वाटते. पुढच्याच वर्षी पहिली जागतिक स्पर्धा स्वीडनमधल्या माल्मो शहरात भरली, तेव्हा घरच्या प्रेक्षकांसमोर या दोघांना कांस्यपदक मिळाले. सुवर्ण मात्र त्जुन त्जुन आणि वाह्युदी यांनीच नेले.

ऑल इंग्लंडचे दुसरे पुरुष दुहेरी विजेतेपद किलस्ट्रॉम यांना सात वर्षांनी, १९८३मध्ये मिळाले, आणि तेही नव्या जोडीदारासह, म्हणजे स्टेफान कार्लसन यांच्याबरोबर. त्याच स्पर्धेत पेरी यांच्या साथीने त्यांनी मिश्र दुहेरीही जिंकली. पुरुष दुहेरीत आक्रमण करताना दोघे पुढे-मागे आणि बचाव करताना शेजारी-शेजारी उभे राहतात, त्यामुळे जागा सतत बदलत राहतात. मिश्र दुहेरीत मात्र बहुतेक वेळा स्त्री खेळाडू जाळीजवळचा भाग सांभाळते आणि मागचे जवळजवळ सगळे मैदान पुरुषाच्या वाट्याला येते. एकाच आठवड्यात या दोन वेगळ्या सवयींनी खेळून दोन्हीकडे अजिंक्य राहणे हे पस्तिशीतल्या खेळाडूसाठी किती कष्टाचे असेल, याची कल्पना दुहेरी खेळणाऱ्या वाचकांना सहज येईल. पेरी यांची साथही तितकीच भक्कम होती. माइक ट्रेडगेट यांच्याबरोबर त्यांनी ऑल इंग्लंडची मिश्र दुहेरी आधीच १९७८, १९८० आणि १९८१ अशी तीनदा जिंकली होती.

आपल्या यादीत १९९३च्या मिश्र दुहेरीपुढेही स्वीडनच्या कात्रिन बेंग्टसन आणि डेन्मार्कचे थॉमस लुंड अशी दोन देशांची जोडी आढळेल. तीही छपाईची चूक नव्हे.