रोटॅक्स ९१२ वरच्या दोन आसनी विमानाला सर्वांत कार्यक्षम प्रॉपेलर कोणता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: किटमधून दोन आसनी विमान बांधताय, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, म्हणजे १०० अश्वशक्ती. पुढे नाकाखाली चाक. क्रूझचा (सरळ पातळीत प्रवास करतानाचा) वेग ताशी १८० किलोमीटरच्या आसपास धरलाय. प्रॉपेलर दोन पात्यांचा घ्यावा की तीन पात्यांचा, सगळ्यात जास्त एफिशियन्सी कशात, आणि ओळखीतून एक वापरलेला तीन पात्यांचा स्वस्तात मिळतोय तो घ्यावा का.

मी विमान दुरुस्तीतली, हँगरमध्ये काम करते, डिझायनर नाही. तरी एवढं खात्रीनं सांगते की पात्यांची संख्या हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. आधी व्यास, मग पिच (पात्याचा तिरपेपणा), मग पाती. चहाच्या वेळी चर्चा मात्र नेमकी उलट्या क्रमानं रंगते, कारण पाती मोजता येतात आणि पिच डोळ्यांना दिसत नाही.

व्यासापासून सुरुवात करू. प्रॉपेलर हवा मागे ढकलतो म्हणून विमान पुढे जातं. भरपूर हवा हळूच ढकलली तर कमी ऊर्जा वाया जाते, थोडी हवा जोरात ढकलली तर जास्त. म्हणून मोठा व्यास चांगला. पण किती चांगला? रँकिन आणि फ्राउड यांचा १९व्या शतकातला सिद्धान्त वापरून तुमच्याच इंजिनाचा हिशोब करून बघितला. ९५ अश्वशक्ती (७० किलोवॅट) धरली, समुद्रसपाटीची हवा धरली, पात्यांचं घर्षण वगैरे सगळं सोडून दिलं. ताशी १८० किलोमीटरला ६८ इंची प्रॉपेलरची कमाल शक्य कार्यक्षमता ९२ टक्के येते आणि ६० इंचीची ९१ टक्क्यांच्या जरा खाली. फरक दीड टक्का. आता विमान जागेवर उभं ठेवून पूर्ण ताकद द्या. ६८ इंचीचा ओढा (पुढे खेचणारी ताकद) सुमारे ३१० किलो, ६० इंचीचा २८५. इथे फरक आठ टक्क्यांचा. प्रत्यक्षातले आकडे यापेक्षा बरेच खाली असतात, चांगल्या प्रॉपेलरला क्रूझमध्ये ८० ते ८५ टक्के मिळाले तरी खूश राहावं. पण कल तोच राहतो. व्यासाचा खरा फायदा टेकऑफला आणि चढताना मिळतो, क्रूझला फारसा नाही. आखूड धावपट्टीवरून उडणार असाल तर इंच इंच लढवा. लांब पट्टी असेल तर दोन इंच कमी पडले म्हणून जीव जाळू नका.

व्यासाला वरून मर्यादा दोन. एक म्हणजे टोकाचा वेग. टोक आवाजाच्या वेगाच्या ८०-८५ टक्क्यांच्या पुढे गेलं की ड्रॅग (हवेचा अडथळा) आणि गोंगाट दोन्ही एकदम वाढतात. रोटॅक्सला २.४३ चा गिअरबॉक्स असल्यामुळे तुम्ही इथे सुखी आहात: इंजिन मिनिटाला ५८०० फेऱ्यांवर असताना प्रॉपेलर जेमतेम २३९० वर फिरतो, आणि ६८ इंची पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २१६ मीटर जातं, आवाजाच्या वेगाच्या ६४ टक्के. हेच गिअरबॉक्स नसलेलं जबिरू २२०० इंजिन असतं तर प्रॉपेलर थेट ३३०० वर फिरला असता आणि ६८ इंची पात्याचं टोक २९८ मीटरवर, म्हणजे जवळजवळ ८८ टक्क्यांवर गेलं असतं. म्हणून त्या इंजिनावर ६० इंचांच्या आसपासचे प्रॉपेलर दिसतात. बाजूच्याच्या विमानावर बघून व्यास ठरवू नका म्हणते ते यासाठी.

दुसरी मर्यादा जमीन. प्रमाणित छोट्या विमानांच्या अमेरिकी नियमांत २०१७ पर्यंत नाकाखाली चाक असेल तर टोक आणि जमीन यांत ७ इंच, शेपटीचं चाक असेल तर ९ इंच अंतर सांगितलं होतं. किट विमानाला कुणी तो नियम लावो न लावो, तुम्ही लावा. आणि मोजमाप विमान पूर्ण भरून, पेट्रोल-माणसांसकट घ्या. रिकाम्या विमानाखाली घेतलेलं माप फसवं असतं.

आता पिच. सेसना १५२ च्या प्रॉपेलरवर ६९-५८ असं कोरलेलं असतं: व्यास ६९ इंच, पिच ५८ इंच. हवा लोण्यासारखी घट्ट असती तर एका फेऱ्यात विमान ५८ इंच पुढे सरकलं असतं, असा त्याचा अर्थ. तुमच्या विमानाचं बघा. ताशी १८० म्हणजे सेकंदाला ५० मीटर. इंजिन ५३०० वर धरलं तर प्रॉपेलर सेकंदाला ३६ फेऱ्यांच्या जरा वर, म्हणजे एका फेऱ्यात विमान सुमारे ५४ इंच पुढे जाणार. पात्याला ओढ निर्माण करायला थोडा कोन लागतोच, म्हणून पिच याच्या थोडा वर हवा. पण विमान पट्टीच्या सुरुवातीला उभं असताना तेच पातं हवेला फार उभं भेटतं, मुळाकडचा भाग चक्क स्टॉल होतो (हवेवरची पकड सोडतो), आणि इंजिन फेरे धरत नाही. पिच वाढवून क्रूझ मिळवलेलं विमान टेकऑफला तसंच कण्हतं, जशी खंबाटकीचा घाट चौथ्या गिअरमध्ये चढणारी गाडी.

म्हणजे 'सगळ्यात जास्त एफिशियन्सी' या प्रश्नाला 'कुठल्या वेगाला' हे विचारल्याशिवाय उत्तरच नाही. फिक्स पिचच्या (हवेत पिच बदलता न येणाऱ्या) प्रॉपेलरचा कार्यक्षमतेचा आलेख हळूहळू चढतो, एका ठिकाणी माथा गाठतो आणि पलीकडे धाडकन कोसळतो. तुम्ही पिच ठरवता तेव्हा तो माथा कुठल्या वेगावर ठेवायचा एवढंच ठरवत असता. सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) आणि स्थानिक उड्डाणं जास्त असतील तर माथा खाली ठेवा. दोन-दोन तासांचे प्रवास असतील तर वर.

हा पेच जुना आहे. १९३३ साली बोइंग २४७ हे प्रवासी विमान फिक्स पिचवर आलं आणि अमेरिकेतल्या शायेनसारख्या साडेअठराशे मीटर उंचीवरच्या विमानतळावरून भरून उठताना दमू लागलं. हॅमिल्टन स्टँडर्डचा, फ्रँक काल्डवेल यांनी विकसित केलेला, हवेत पिच बदलणारा प्रॉपेलर लावल्यावर टेकऑफची धाव सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि चढण्याचा वेग २२ टक्क्यांनी वाढला. त्या वर्षीची कॉलियर ट्रॉफी, अमेरिकी विमानक्षेत्रातला मोठा मान, या कामाला मिळाली. तुमच्या विमानाला मात्र हवेत पिच बदलणारा घेऊ नका, असं माझं मत. चढताना १२०, क्रूझला १८०, एवढ्या अंतरासाठी वजन, खर्च आणि देखभाल परवडत नाही. जमिनीवर पिच बदलता येणारा कंपोझिट प्रॉपेलर घ्या. पहिला अंदाज चुकला तरी पैसे बुडत नाहीत.

तो लावायचा कसा ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी एफिशियन्सी इथे मिळते किंवा जाते. इग्निशनचे दोन्ही स्विच बंद, चाकांना ठोकळे. विमान अशा पातळीत ठेवा की प्रॉपेलरची चकती बरोबर उभी राहील. हबचे (पाती बसतात त्या मधल्या भागाचे) बोल्ट अर्धवट सैल करा, पातं आडवं आणा, उत्पादकाने जिथे मोजायला सांगितलंय त्या खुणेवर डिजिटल कोनमापक ठेवा. पातं हातानं हळूच फिरवून कोन लावा, बोल्ट थोडा आवळा, परत मोजा. आवळताना पातं हमखास सरकतं. मग पुढचं पातं फिरवून अगदी त्याच जागी आणा आणि तिथेच मोजा, प्रत्येक पात्यासाठी जागा बदलू नका. सगळी पाती एकमेकांशी ०.२ अंशाच्या आत जुळली पाहिजेत. नाहीतर विमान थरथरतं आणि माणसं निष्कारण इंजिन माउंटचे रबर बदलत बसतात. शेवटी टॉर्क रेंच (ठरावीक जोरानं आवळणारा पाना), उत्पादकाच्याच आकड्यावर.

मग इंजिन सुरू करून बघा. उभ्या विमानात फुल थ्रॉटलला इंजिनाचे फेरे ५२०० च्या खाली राहात असतील तर पिच जास्त आहे, कमी करा. फुल थ्रॉटल देऊन ५२०० च्या खाली इंजिन रगडू नये अशी रोटॅक्सचीच सूचना आहे. मग उडून सरळ पातळीत फुल थ्रॉटल द्या. फेरे ५५०० ते ५६०० वर स्थिरावले तर झकास. ५८०० ला भिडत असतील तर पिच कमी पडतोय, कारण ५८०० ही पाच मिनिटांची मर्यादा आहे, सलग चालवायची मर्यादा ५५०० आहे. एक अंश पिच बदलला की फेऱ्यांत साधारण दोनशेचा फरक पडतो, म्हणून बदल अर्ध्या-अर्ध्या अंशानं करा आणि प्रत्येक वेळी तापमान लिहून ठेवा.

शेपटीला स्प्रिंगकाटा बांधून जमिनीवरचा ओढा मोजण्याचा एक प्रकार लोकप्रिय आहे. त्यावरून प्रॉपेलर निवडू नका. ती चाचणी नेहमी कमी पिचच्या प्रॉपेलरला जिंकवते, आणि तोच प्रॉपेलर हवेत क्रूझला सगळ्यात आधी हात टेकतो.

उन्हाळ्याबद्दल एक. पुण्याच्या उंचीवर (सुमारे ५६० मीटर) ४० अंश तापमानाला हवा प्रमाण हवेपेक्षा जवळजवळ १४ टक्के विरळ असते. गंमत अशी की आरपीएमवर (मिनिटाच्या फेऱ्यांवर) हे फारसं दिसत नाही. इंजिनाची ताकद कमी होते, पण विरळ हवेत प्रॉपेलर फिरवायलाही तेवढीच कमी ताकद लागते, त्यामुळे काटा जवळपास तिथेच. ओढा मात्र घटलेला असतो. जानेवारीतल्या सकाळी लावलेला क्रूझचा पिच मे महिन्यात दुपारी दोन माणसं घेऊन उठताना घाम फोडतो. आपल्याकडे अर्धा अंश कमी पिच ठेवणं शहाणपणाचं.

आता पाती. दोन पात्यांचा प्रॉपेलर समान परिस्थितीत एखाद-दुसरा टक्का सरस पडतो आणि हलका असतो. तिसऱ्या पात्यामुळे तीच ताकद कमी व्यासात शोषता येते, थरथर आणि आवाज कमी होतो. जमिनीपासूनचं अंतर ६८ इंची दोन पात्यांना पुरत असेल तर तो घ्या. पुरत नसेल तर तीन, आणि हरल्यासारखं वाटून घेऊ नका. लाकडी प्रॉपेलर मला मनापासून आवडतो, थरथर गिळतो, थकत नाही. पण कोकणात पावसाळा काढून विमान मराठवाड्याच्या उन्हात नेलंत तर लाकूड आक्रसतं आणि बोल्टचा टॉर्क सुटतो. दर मोसमाला तपासायची तयारी असेल तरच घ्या.

राहिला तो वापरलेला प्रॉपेलर. आधी विचारा की तो कशावरून उतरवलाय. पुष्कळ ट्राइकना (वर कापडी पंख असलेल्या तीनचाकी हलक्या विमानांना) इंजिन मागे, पुशर म्हणजे मागून ढकलायच्या पद्धतीनं असतं. तेच रोटॅक्स, फिरण्याची तीच दिशा, पण प्रॉपेलर उलट्या हाताचा. तो तुमच्या नाकावर लावलात तर विमान मागे ढकलेल. सरळ हाताचा निघाला तर जडत्व (फिरवायला किती जड ते) बघा: ९१२ च्या गिअरबॉक्सला ६००० किलो-चौरस सेंटिमीटरची मर्यादा आहे आणि जुने जड तीन पात्यांचे काही संच तिच्या पलीकडे जातात. उत्पादकाकडून क्रमांकावरून हा आकडा मिळतो. तो मिळाला नाही, किंवा पात्याच्या मुळाशी रंगाखाली केसासारखी रेघ दिसली, तर फुकटातही घेऊ नका.