क्यूटी वाढला म्हणून गोळ्या थांबवायच्या का?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६८) फाल्सिपॅरम मलेरिया झाला. आर्टेमीथर-ल्युमेफँट्रिनच्या गोळ्या सुरू केल्या, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशीच्या ईसीजीत क्यूटीसी ४६० मिलिसेकंद आला, आधी ४३० होता. या गोळ्यांनी हृदय बंद पडतं असं वाचल्यामुळे आम्ही शेवटचे दोन डोस दिलेच नाहीत. वडील सूज कमी व्हावी म्हणून लघवीची गोळीही घेतात. आमचं चुकलं का?

उत्तर : तुमची काळजी मला पटते, पण डोस थांबवायला नको होते. आजच डॉक्टरांना फोन करून दोन डोस राहिल्याचं सांगा. रक्त पुन्हा तपासावं लागेल. ताप उतरला तरी परजीवी रक्तात उरलेले असू शकतात आणि फाल्सिपॅरम उलटला तर जिवावर बेतू शकतं.

आता त्या आकड्याबद्दल. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी विद्युतदृष्ट्या सज्ज व्हायला जो वेळ लागतो, त्याचा अंदाज ईसीजीवरच्या क्यूटी या अंतरावरून येतो. भर तापात ठोके वेगाने पडतात आणि क्यूटी आखडतो. ताप उतरला की ठोके मंदावतात, क्यूटी लांबतो. ठोक्यांच्या वेगानुसार गणिताने दुरुस्ती करून क्यूटीसी काढला तरी हा फरक पुरता जात नाही. म्हणजे तुमच्या ४३०चे ४६० झाले ते सगळं गोळीच्या माथी मारता येत नाही. आम्ही दचकतो ते आकडा ५०० ओलांडतो किंवा ६०हून जास्त वाढतो तेव्हा; क्यूटी फार लांबला तर ठोक्यांची लय बिघडून हृदय थांबू शकतं.

भीती निराधार नाही, हेही सांगते. हॅलोफँट्रिन या जुन्या मलेरियाच्या औषधाने अचानक मृत्यू झाले होते. ल्युमेफँट्रिन त्याच्याच रासायनिक कुळातलं, म्हणून त्याची हृदयाच्या दृष्टीने कसून तपासणी झाली; क्यूटीवरचा त्याचा परिणाम अगदी किरकोळ निघाला. पिपराक्विन हे मलेरियाचंच दुसरं औषध असलेल्या जोडगोळीत तो जास्त दिसतो, म्हणून ती उपाशीपोटी देतात; स्निग्ध खाण्यासोबत ती रक्तात जास्त उतरते. ल्युमेफँट्रिनचं नेमकं उलट : पोटात थोडं स्निग्ध अन्न नसेल तर औषध पुरेसं शोषलंच जात नाही. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी हा विषय तपासला; हॅलोफँट्रिन वगळता मलेरियाच्या या औषधांमुळे अचानक मृत्यूचा धोका फारच कमी असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता.

मला जास्त चिंता वाटते ती सोबतच्या गोळ्यांची. लघवीच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम घसरतं, उलट्यांनी आणखी. त्यात उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडॉन, खोकल्यासाठी कुणी अझिथ्रोमायसिन दिलं की क्यूटीवर सगळ्यांचा भार एकदम पडतो. वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्या, घरात कुणी अचानक शुद्ध हरपून पडलं असेल किंवा तरुण वयात झोपेत गेलं असेल तर तेही सांगा. आणि वडिलांना भोवळ येऊन शुद्ध गेली, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्या.